दर रविवारी मास्क, दर बुधवारी तोंड लाल: हे चक्र तोडायचं कसं

आधी प्रॉब्लेम सांगते, म्हणजे तुमचाही हाच आहे का ते कळेल. रविवारी दुपारी घरातलं आवरून मुलतानी माती लावायची, धुतल्यावर तोंड इतकं मऊ नि उजळ दिसतं की आरशापुढून हलावंसं वाटत नाही. सोमवारी पण छान. मंगळवारी संध्याकाळपासून गाल ओढल्यासारखे वाटायला लागतात, बुधवारी नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर सालं निघतात, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं, आणि शुक्रवारपर्यंत कपाळावर नि जबड्याच्या कडेनं बारीक पुटकुळ्या. मग आपण काय म्हणतो? घाण साठली, डेड स्किन जमली, या रविवारी जरा नीट घासू. आणि परत पहिल्यापासून.

मी हे दीड वर्ष केलं. मुलतानी माती झाली, कॉफी-साखर झाली, संत्र्याच्या सालीची पावडर झाली, मधे एका पार्लरमध्ये फेशियल केलं तिथं स्टीम देऊन इतकं घासलं की दोन्ही गालांवर काळसर डाग राहिले ते जायला चार-साडेचार महिने लागले. प्रत्येक वेळी वाटायचं की वस्तू चुकीची होती, दुसरी आणू. वस्तू बदलत राहिले, पण करत होते तेच, म्हणजे दुखावलेल्या कातडीला परत दुखवायचं.

लक्षात कसं आलं ते सांगते, कारण तोच उपाय तुम्ही पण घरी करू शकता आणि त्याला एक रुपया लागत नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसाला गोल करायची सवय आहे, दुधाचे खाडे, गॅसची टाकी कधी लावली ते पण तिथंच. एका महिन्यात मी त्याच चौकोनांत तोंडाचं पण लिहायला लागले, माती, स्क्रब, लाल, फोड, एवढे चारच शब्द. महिना संपल्यावर पान उलटायच्या आधी बघितलं तर 'लाल' हा शब्द दर वेळी 'माती' किंवा 'स्क्रब'च्या दोन-तीन दिवसांनंतर. एकही आठवडा सुटला नव्हता. ज्या रविवारी आम्ही अक्कलकोटला गेलो होतो आणि काहीच लावलं नव्हतं, त्याच आठवड्यात बुधवारचा चौकोन कोरा. तो कोरा चौकोन बघून मला रडायला आलं, खरंच सांगते, कारण दीड वर्ष मी जे औषध समजून करत होते तेच दुखणं होतं.

तर पहिलं काम हेच. महिनाभर लिहा. काय लावलं, कधी लावलं, कोणत्या पाण्यानं धुतलं, तोंड कसं होतं. पाळीच्या तारखा पण लिहा, कारण पाळीच्या आधी आठवडाभर हनुवटीवर येणारे फोड हे मास्कमुळे नसतात आणि मास्कनं जाणारही नाहीत.

आता हे होतं का, ते थोडक्यात. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला आपण डेड स्किन म्हणतो आणि जणू ती घाण आहे असं समजून काढायला जातो. पण तो थर म्हणजे घराची भिंत आहे. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट, आतलं पाणी आत ठेवायचं आणि बाहेरची धूळ-जंतू बाहेर ठेवायचे हे तिचं काम. खालून नवीन पेशी वर येत राहतात, तरुणपणी या फेऱ्याला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त, आणि जुन्या पेशी आपोआप गळून पडतात, आपल्याला दिसत पण नाहीत. म्हणजे भिंत महिन्याभरात तयार होते आणि आपण ती दर सात दिवसांनी खरवडतो. खरवडल्यावर दोन दिवस तोंड चमकतं कारण वरचा खडबडीतपणा गेलेला असतो, पण तोवर आतलं पाणी उडायला लागलेलं असतं. बुधवारची सालं म्हणजे साठलेली घाण नव्हेच, अर्धवट तुटलेली भिंत आहे ती.

इथं आपल्या सोलापूरच्या हवेचा भाग येतो, आणि हा कुठल्या पाकिटावर लिहिलेला नसतो. मुलतानी मातीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. माझी मावसबहीण सावंतवाडीला असते, ती तेच पाकीट वापरते, तिच्याकडे पंधरा मिनिटांनी पण माती ओलसर असते कारण हवाच दमट. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर, हवेत ओल नाही, वर फॅन चालू, पाचव्या-सहाव्या मिनिटाला माती फटाफट सुकून भेगा पडलेल्या असतात, बोलायला गेलं की गाल तडतडतात. आणि आपल्याला वाटतं की ती ओढ म्हणजे मास्क काम करतोय. ते काम नाही. ओली असेपर्यंत माती वरचं तेल शोषते, ते ठीक आहे, पण पूर्ण सुकली की कातडीतलं पाणी पण ओढून घ्यायला लागते, आणि ती खडखडीत माती काढताना आपण पाण्याच्या हातानं घासतो ते वेगळंच. मास्क चेहऱ्यावर सुकू द्यायचाच नाही, हा एक नियम पाळला तरी निम्म्या बायकांचा त्रास कमी होईल असं मला वाटतं. कडेनं रंग फिकट व्हायला लागला की धुवायचं, मग चार मिनिटं झालेली असोत नाहीतर सात. फॅनखाली बसायचं नाही. मातीत गुलाबपाण्यापेक्षा एक चमचा दही नाहीतर थोडं ग्लिसरीन घातलं तर सुकायला वेळ लागतो. आणि कातडी मुळातच कोरडी असेल तर एप्रिल-मेमध्ये आणि गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, म्हणजे जानेवारीत, माती नकोच. ती तेलकट चेहऱ्यासाठी आणि पावसाळ्यातल्या चिकचिकीसाठी ठीक.

पाण्याचं पण तसंच. नळाचं पाणी संपलं की आपण बोअरवर येतो, आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतं, तो तोंडावर राहतो, गुळगुळीत वाटत नाही म्हणून आपण अजून साबण लावतो. त्यात पाणी जपून वापरायची आपल्याला सवय, एका तांब्यात तोंड धुवायचं, त्यामुळे केसांच्या कडेला, भुवयांत, कानापुढं आणि जबड्याखाली माती तशीच राहते. माझे फोड नेमके त्याच रेषेवर यायचे! मी महिनोन्‌महिने ते हार्मोन्सचे समजत होते. आता करते काय, मास्क काढताना आधी जुन्या सुती पंचाचा तुकडा ओला करून चेहऱ्यावर नुसता ठेवते, अर्धा मिनिट, माती भिजली की हलक्या हातानं उचलून घेते, दोनदा-तीनदा तसंच, आणि शेवटी एक तांब्या फिल्टरचं पाणी. एवढंच लागतं. साबणाऐवजी साधा सौम्य फेसवॉश, ज्यात साबण नाही असा, कारण साबणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्ल) ९-१० असतो आणि कातडीचा साधारण ५ च्या आसपास.

तोंड पुसताना पण बघा. आपल्या गावचा टेरी टॉवेल म्हणजे अंग पुसायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण जड पाण्यात धुवून उन्हात वाळवला की तो काथ्यासारखा होतो. त्यानं तोंड चोळून पुसलं तर तो पण स्क्रबच झाला, आणि हा तर रोज दोनदा. तोंडाला वेगळा मऊ सुती कपडा ठेवा आणि टिपून घ्या.

आता लिंबू. याबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात लिंबू-साखर, लिंबू-बेसन, लिंबू-मध चालू आहे. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळ. पीएचचे आकडे साधे नसतात, एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, त्यामुळे ५ आणि २ मध्ये हजार पटीचा फरक आहे. तो रस आपण सालं निघालेल्या तोंडावर चोळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं, कधी फोड येतात, आणि नंतर तपकिरी डाग राहतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत. आपल्या गावात ऊन टाळणार कुठं? सकाळी लिंबू लावून दहा वाजता स्कूटीवर सात रस्ता चौकात गेलं की झालं. माझ्या नणंदेच्या वरच्या ओठावर असाच पट्टा आला होता, ती बिचारी तो डाग काढायला अजून लिंबू लावत होती. लिंबू सरबतात घाला, तोंडाला नको. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, व्हिनेगर, यांचं पण तेच, तोंडाला नको.

साखर आणि कॉफी आणि अक्रोडाची पावडर. यातले कण टोकदार असतात, आणि आपण किती जोरात घासतोय ते आपल्याला कळत नाही कारण घासताना बरं वाटतं. पिकलेल्या फोडांवर स्क्रब फिरवला तर जळजळ अजून वाढते आणि नंतर काळे डाग राहतात, सावळ्या-गव्हाळ रंगाच्या कातडीवर तर जास्तच राहतात, म्हणजे आपल्या बहुतेकींच्या. माझा भाचा, सतरा वर्षांचा, त्याला खूप फोड, तो कॉलेजातून आल्यावर रोज संध्याकाळी दोन चमचे साखरेनं घासायचा कारण कुणीतरी व्हिडिओत सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, बाळा, गुडघा फुटल्यावर त्याच्यावर साखर घासशील का? तेव्हा कुठं थांबला.

मग आपली आजी उटणं लावायची ते चुकीचं होतं का, असं मला माझ्या जावेनं विचारलं होतं आणि प्रश्न बरोबर आहे. पण आजी काय करायची ते नीट आठवा. आधी तेल. भरपूर तेल, अंगभर जिरवून, मगच उटणं, आणि ते पण दिवाळीच्या पहाटे. उटण्याचं काम होतं जादाचं तेल काढून घ्यायचं, ते तेलात मिसळून मऊ पडायचं आणि अंगावरून सुटून यायचं. आपण तेल सोडून दिलं, नुसती कोरडी पावडर पाण्यात कालवून आठवड्यातून तीनदा नाजूक गालांवर घासायला लागलो आणि म्हणतो आयुर्वेदिक आहे, काही होत नाही. बाळाला पण डाळीचं पीठ दुधावरच्या सायीत कालवूनच लावतात, कोरडं नाही. ज्वारीचं किंवा डाळीचं पीठ वापरायचंच असेल तर वस्त्रगाळ करून, सायीत नाहीतर दह्यात, आणि हात गोल-गोल न फिरवता नुसतं लावून धुवून टाकायचं. हळद चिमूटभर पुरे, आणि ती पण सगळ्यांना चालत नाही, काहींना हळदीनं खाज आणि पुरळ येतं, बाजारातल्या सुट्या हळदीत तर रंगाची भेसळ पण असते.

तर उपाय. मला सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आधी वाटलं की यांनी काही दिलंच नाही. चार आठवडे सगळं बंद. मास्क नाही, स्क्रब नाही, वाफ नाही, ब्लीच नाही, फेशियल नाही, रात्री कापसानं टोनर पुसणं नाही. सकाळी नुसत्या पाण्यानं तोंड धुवायचं, संध्याकाळी सौम्य फेसवॉश, टिपून घेतलं की तोंड अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि सकाळी सनस्क्रीन. बास. मॉइश्चरायझर महागाचं नको, ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं, सुवास नसलेलं कुठलंही साधं चालतं. फार सालं निघत असतील तर रात्री त्या जागेवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. खोबरेल तेल कोपरा-टाचांना उत्तम, पण ज्यांना फोड येतात त्यांनी तोंडाला टाळा, त्यानं रंध्रं बुजतात.

पहिले दहा दिवस अवघड जातात हे आधीच सांगून ठेवते. तोंड राठ वाटतं, बोट फिरवलं की बारीक खरखर लागते, हात शिवशिवतो की एकदा घासू. शेजारच्या वैनींनी मला दारात विचारलं पण, "वैनी, तोंड असं का दिसूलालंय ओ, काही लावत नाही का?" मी तेव्हा कॅलेंडरवरचा तो कोरा चौकोन आठवला आणि थांबले. दुसऱ्या आठवड्यात चुरचुर गेली. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा असं झालं की मी तोंड धुतलं आणि काहीच जाणवलं नाही, ना ओढ, ना खाज, नुसतं तोंड धुतलं. ते काय सुख असतं ते ज्यांचं तोंड रोज जळतं त्यांनाच कळेल.

सनस्क्रीनचं थोडं जास्त सांगते कारण डागांचं निम्मं उत्तर तिथंच आहे. एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो ते सांगणारा बाटलीवरचा आकडा) ३० किंवा त्याच्या वर, आणि तर्जनी नि मधलं बोट या दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. आपण लावतो हरभऱ्याएवढं, त्याचा काही उपयोग नाही. उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी परत. आणि स्कार्फ. आपण सगळ्याजणी डोळे सोडून सगळं बांधून गाडी चालवतो, उन्हाला ते चांगलंच आहे, पण तोच स्कार्फ आठ-आठ दिवस डिकीत पडलेला, घाम वाळलेला, धुळीचा, तो जबड्यावर नि गालांवर घासतो. दोन-तीन सुती स्कार्फ ठेवा आणि रोज बदला, धुताना साबण पूर्ण निघू द्या. मी एवढं केलं तर हनुवटीखालचे फोड अर्ध्यावर आले.

चार आठवडे झाले, तोंड शांत झालं, आता परत काही लावायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण मास्क, नवीन सीरम आणि नवीन फेसवॉश एकाच आठवड्यात चालू करतो आणि मग कशानं झालं ते कळत नाही. नवीन वस्तू आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. काही झालं नाही तर तोंडाला, पंधरा दिवसांतून एकदा. महिनाभर निभावलं तर आठवड्यातून एकदा, त्याच्या पुढं घरच्या मास्कला जायचं कारणच नाही. मी आता दोनच मास्क ठेवलेत: तेलकट वाटलं की नाक-कपाळ-हनुवटीपुरती माती, गालांना नाही, आणि कोरडं वाटलं की दही-मध दहा मिनिटं. अख्ख्या तोंडाला एकच मास्क लावला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

घासायच्या ऐवजी आता बाटलीतली ॲसिडं मिळतात, लॅक्टिक, मँडेलिक, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक. नावाला घाबरायचं नाही, पण हलक्यात पण घ्यायचं नाही. फोड आणि ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक, ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात उतरतं, दुकानात २ टक्क्यांपर्यंतचं मिळतं. कोरडी-नाजूक कातडी असेल तर लॅक्टिक किंवा मँडेलिक, ५ टक्क्यांचं, रात्री, आठवड्यातून एकदाच. ज्या दिवशी ॲसिड त्या दिवशी माती-स्क्रब नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग केलं असेल तर दोन-तीन दिवस थांबा. आणि लॅक्टिक-ग्लायकोलिकसारखी ॲसिडं वापरत असताना आणि बंद केल्यावर पण आठवडाभर ऊन जास्त लागतं, तेव्हा सनस्क्रीन लावायचा कंटाळा असेल तर ॲसिड आणूच नका. तीस टक्के ॲसिडची, कातडी सोलणारी लाल पील घरी करायला मिळते ती आणू नका, मी एकीच्या तोंडावर तिचा परिणाम बघितलाय. गरोदर असाल, किंवा रात्री ट्रेटिनॉइन-ॲडापॅलिनसारखं फोडांवरचं मलम लावत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सगळं बंद करून पण फरक पडला नाही तर काय, हे आता. सहा आठवड्यांनी पण तसंच असेल तर मास्कचा दोष नाही, दुसरं काहीतरी आहे, आणि ते घरी बरं होणार नाही. कपाळावर सगळ्या एकाच मापाच्या बारीक पुटकुळ्या, घाम आला की भयंकर खाजतात, डोक्यात कोंडा पण आहे, तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला फोडांची औषधं लागू पडत नाहीत. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखे तपकिरी पट्टे म्हणजे वांग असू शकतो, तो घासून जात नाही, घासल्यावर आणि चुलीच्या-गॅसच्या धगीनं अजून गडद होतो. दाबलं की दुखणाऱ्या मोठ्या गाठी असतील तर लवकर दाखवा, त्यांचे खड्डे राहतात.

आणि एक गोष्ट प्रत्येकीनं आज घरी जाऊन बघावी. तुमच्या कपाटात गोरं करणारी म्हणून मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब आहे का? तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, असं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला तरी बायका नाव सांगून आणतात, कारण आठ दिवसांत तोंड गोरं नि गुळगुळीत दिसतं. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, गालांवर लव वाढते, फोड येतात, आणि एक दिवस लावली नाही की तोंड आगीसारखं होतं म्हणून परत लावावी लागते. अशी ट्यूब लावत असाल तर वर सांगितलेलं 'चार आठवडे सगळं बंद' एकटीनं करू नका, एकदम थांबवलं की तोंड भडकतं, ट्यूब हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, ते उतरवत उतरवत बंद करतात. लाजायचं काही कारण नाही, आपल्याकडे खूप जणी यात अडकल्यात. सिव्हिलच्या ओपीडीत केसपेपर काढला की दाखवता येतं, सकाळी लवकर जा, गर्दी असते.

शेवटी लग्नाचं, कारण सगळ्यात जास्त हेच विचारतात, पुढच्या महिन्यात लग्न आहे, काय करू. महिना असेल तर महिनाभर वरचंच साधं, पाणी-फेसवॉश-मॉइश्चरायझर-सनस्क्रीन. फेशियल करायचंच असेल तर आधी कधी केलेलं असेल तेच, आणि लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. शेवटच्या पंधरवड्यात नवीन काहीही नको, पाहुण्यांनी पुण्याहून कितीही महागाचं आणलं तरी. हळदीची हळद आठवडाभर आधी कानामागं लावून बघा, आणि हळदीच्या दिवशी आधी तोंडाला मॉइश्चरायझरचा नाहीतर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवून घ्या, मग बायकांना लावू द्या. करवल्यांना आधीच सांगून ठेवा की गालाला हलकं लावा, चोळायचं असेल तर हातापायांना चोळा.